आंबरीचं बी निफाडात लावू का?

प्रश्न : ताई नमस्कार, यंदा छाटणी उरकून बाग भावाच्या भरवशावर टाकली आणि दिवाळीत काश्मीरला जाऊन आलो. शोपियांजवळ एका बागवाल्याने घरी नेऊन सफरचंद कापून दिलं, जरा लांबट, पिवळसर अंगावर लाल पट्टे, आणि वास तर खोलीभर. आंबरी म्हणाला. नाशिकच्या बाजारात कोणाला नावसुद्धा माहीत नाही. बिया जपून आणल्यात, बांधावर लावू का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : दादा, नशीबवान आहात, आंबरी आता काश्मीरमध्येही सहज मिळत नाही. आपण खातो ती लालभडक डिलिशियस मूळची अमेरिकेतली, आयोवाची, आंबरी मात्र काश्मीरचीच गावरान जात. गर पांढरा, कुरकुरीत, गोड. पिकते उशिरा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, आणि टिकते इतकी की कोल्ड स्टोरेज नव्हतं तेव्हा लोक घरातच ठेवून हिवाळ्यात खायचे. मग मागे का पडली, तर झाड फळावर यायला फार वर्षं घेतं, दरवर्षी सारखं धरतही नाही, आणि डिलिशियस लवकर पैसा देते, म्हणून बागवाल्यांनी आंबरी काढून ती लावली. त्यांना दोष देता येत नाही, पण मला फार वाईट वाटतं. श्रीनगरच्या कृषी विद्यापीठाने रेड डिलिशियसशी संकर करून लाल आंबरी काढलीये, तेवढाच दिलासा.

आता बियांचं. रोप येईल पण आंबरी नाही येणार, कारण सफरचंदाला परागकण दुसऱ्या जातीचे लागतात त्यामुळे प्रत्येक बी वेगळंच निघतं, जात राखायची तर कलमच, तुम्ही द्राक्षाचं कलम डॉगरीजच्या खुंटावर भरता तसं. आणि कलम मिळालं तरी थंडीचं काय? अशा जातींना 7 अंशांखालचे हजारेक तास लागतात. निफाडचा पारा पहाटे उतरतो खरा, पण दुपारी परत ऊन तापतंच ना. छाटणीनंतर पेस्ट लावून द्राक्षाचे डोळे फुटतात, पण आंबरीची थंडीची भूक त्याने भागायची नाही.

हौसच असेल तर अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन, दोन्हीचं एकेक कलम शेजारी लावा, कमी थंडीत चालतात आणि एकमेकांना परागकण देतात. चव आंबरीची नसेल. त्या चवीसाठी त्या बागवाल्यालाच पुढच्या सप्टेंबरात फोन करा, आणि पेटी मागवताना आंबरीच हवी असं नाव घेऊन सांगा, मागणी दिसली तर आहेत ती झाडं तरी तो ठेवेल.