लग्नासाठी वीस छोटे केक: भाव आणि तुकडे

एक दहा किलोचा केक आणि अर्ध्या किलोचे वीस केक यांचा भाव एकच लावू नका. नवशिके इथेच बुडतात. मैदा-क्रीम जवळपास सारखंच लागतं, पण बेस (केकखालचा पुठ्ठा), बॉक्स, क्रम्ब कोट (चुरा दाबून धरणारा क्रीमचा पहिला पातळ थर), फायनल कोट, पायपिंग (कोनने काढलेली क्रीमची नक्षी) सगळं वीस वेळा. एका केकच्या आयसिंगला २५ मिनिटं धरली तरी आठ तासांवर जातं. म्हणून किलोचा भाव वेगळा आणि नगामागे मजुरी-पॅकिंग वेगळं लिहून द्या. "जास्त घेतोय, कमी करा" येणारच. सूट मालावर द्या, मजुरीवर नको.

जेवणानंतर माणशी ५० ग्रॅम पुरतो. २०० पाहुणे म्हणजे १० किलो. अर्ध्या किलोचा सहा इंची गोल केक त्रिकोणी कापला की टोकं मोडतात, वाढपी सहा-सातच तुकडे काढतो आणि शेवटच्या टेबलाला काही उरत नाही. मधोमध एक सरळ काप, मग आडवे चार: दहा तुकडे. हे कागदावर काढूनच केटररला द्या. कडेचे लहान निघतात, ते मुलांना.

वजन बेसशिवाय करा. आणि ऑर्डर घेण्याआधी फ्रीज मोजा! मे महिन्यात हॉलमध्ये क्रीम अर्ध्या तासात वितळून खाली बसतं.