पोस्टर लावलं म्हणून एल.सी. देणार म्हणतायत

प्रश्न: ताई नमस्कार, मी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे, मराठवाड्यातल्या एका खासगी कॉलेजमध्ये. आमची स्कॉलरशिप अजून जमा नाही आणि कॉलेज म्हणतं आधी फी भरा, मगच हॉलतिकीट. आम्ही तिघींनी कार्डशीटवर स्केचपेननं 'स्कॉलरशिप आमच्या हक्काची, हॉलतिकीट अडवू नका' एवढंच लिहून नोटीस बोर्डाशेजारी लावलं आणि कलेक्टर ऑफिसवरच्या मोर्चाचा फोटो स्टेटसला ठेवला. सरांनी पप्पांना बोलावून घेतलं, म्हणाले अ‍ॅडमिशनच्या वेळी राजकारणात भाग घेणार नाही असं हमीपत्र दिलंय, आता माफीनामा लिहा नाहीतर एल.सी. घेऊन जा. पप्पा खूप घाबरलेत. देऊ का लिहून?
– एक वाचक

उत्तर: अगं, घाईघाईत काहीच लिहून देऊ नकोस. त्यांना सांग, माझं काय चुकलं ते लेखी द्या, मी लेखी उत्तर देते. तोंडी धमकीला कागदाची मागणी केली ना की निम्मा आवाज खाली येतो, हे मी बऱ्याच पोरांच्या बाबतीत बघितलंय.

मे 2025 मध्ये पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या एका 19 वर्षांच्या मुलीचं प्रकरण आठव. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तिनं इन्स्टाग्रामवर एक पोस्ट शेअर केली, थोड्याच वेळात डिलीट केली, माफीही मागितली, तरी कॉलेजनं रस्टिकेट केलं, पोलिसांनी अटक केली आणि ऐन परीक्षेत पोरगी येरवडा जेलमध्ये. मुंबई हायकोर्टानं तिला जामीन दिला आणि कॉलेजच्या आदेशालाही स्थगिती दिली, का तर तिचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. आणि तेही खासगीच कॉलेज होतं बरं का, तेव्हा 'आम्ही प्रायव्हेट आहोत, आमचे नियम' एवढ्यावर भागत नाही. पण खरं सांगते, माफी मागूनसुद्धा तिचे काही पेपर बुडालेच, म्हणून तू आधीपासूनच कागद जमवून ठेव.

हमीपत्राचं म्हणशील तर वर्गात, परीक्षेत गोंधळ घालू नका, भिंती खराब करू नका हे कॉलेज म्हणू शकतं, पोस्टर कुठं लावायचं ती जागाही ठरवून देऊ शकतं (तुम्ही परवानगी घेतली नसेल तर तेवढं मान्य करून टाक, त्यात कमीपणा नाही). कुणाला धमकी, जातीवरून शिवी, मारामारीची चिथावणी असली तर मीही तुझ्या बाजूनं उभी राहणार नाही. पण संविधानाच्या कलम 19 नं दिलेलं बोलण्याचं आणि शांतपणे, विनाशस्त्र जमण्याचं स्वातंत्र्य अ‍ॅडमिशनच्या गर्दीत न वाचता केलेल्या एका सहीनं जात नाही. कॉलेजबाहेरच्या शांततेतल्या मोर्चावरून एल.सी. हातात देणं तर मला साफ चूक वाटतं.

आणि विद्यार्थ्यांनी राजकारण करू नये हे मराठवाड्यात कुणी म्हणावं? 1978 च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून पोरंच तर रस्त्यावर होती, लाठ्या खाल्ल्या, जेलमध्ये गेली. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, पुढे राज्यात कॉलेजच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आल्या खऱ्या, पण प्रत्यक्षात पुढे पुढेच ढकलल्या गेल्या. मग पोरांनी बोलायचं कुठं, कार्डशीटवरच ना?

मी होस्टेलला असताना पाणी येत नाही म्हणून आम्ही सगळ्याजणींनी अर्जावर सह्या केल्या होत्या. रेक्टर मॅडमनी एकेकीला आत बोलावलं आणि स्वतःची सही स्वतःच खोडायला लावली. मीही खोडली. ती निळ्या शाईची रेघ अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून सांगते, एकटीनं केबिनमध्ये जायचं नाही, तिघी मिळून जा, पप्पांनाही सोबत ने.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि नाही पटलं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. स्कॉलरशिपचा उशीर आणि अडवलेलं हॉलतिकीट, दोन्हीचा अर्ज आजच तिथं टाक, महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिप पोर्टलवरच्या अर्जाची प्रिंट जोड, आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. पोस्टर फाडलं असेल तर त्याचा आधी काढलेला फोटो कुणाकडे आहे का बघ.