पर्यटन व आतिथ्य क्षेत्रात नोकरी करायची असेल, तर प्रवास-भूगोल शिकणे गरजेचे आहे का?
होय, विशेषतः सहलींची आखणी किंवा आरक्षण हे काम करायचे असेल तर प्रवास-भूगोल अवश्य शिकावा, कारण ग्राहकाला दिलेला कार्यक्रम प्रत्यक्षात पार पडेल की नाही, हे अंतर, उंची, ऋतू आणि स्थानिक वेळ यांवर ठरते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्याने विमानाने थेट पोहोचणाऱ्या पाहुण्यांना तिथल्या विरळ हवेची सवय होण्यासाठी पहिले दोन दिवस विश्रांती द्यावी लागते. उतरल्या दिवशीच त्यांना त्याहून उंचावरच्या पँगाँग सरोवराला नेणे म्हणजे त्यांच्या प्रकृतीशी खेळणे आहे, आणि ही चूक मला अक्षम्य वाटते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, हेही ठाऊक हवे. मात्र हॉटेलचे स्वयंपाकघर किंवा हाउसकीपिंग निवडणार असाल, तर या विषयाचा उपयोग मर्यादितच आहे.