‘इमर्जन्सी मोड’ दिसला म्हणून लॅपटॉप फॉरमॅटला देऊ नका

निपाणीच्या ताई, तुमची पोस्ट सकाळी दुकान उघडताना वाचली, आणि शटर अर्धं वर ठेवूनच पुन्हा एकदा वाचली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून शाळेच्या कामाच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलंत. जुना ‘डी’ ड्राइव्ह आपोआप उघडावा म्हणून एका व्हिडिओतली ओळ एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) चिकटवलीत. दुसऱ्या दिवशी दीड मिनिट वाट बघायला लावून काळा पडदा आणि ‘इमर्जन्सी मोड’. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका आत अडकल्यात आणि दुकानदार म्हणतोय फॉरमॅट करावं लागेल. शेवटी तुम्ही विचारलंय की नवख्या माणसाला हे सगळं सोपं का करून देत नाहीत.

फॉरमॅट करू नका. प्रश्नपत्रिका जागच्या जागी आहेत. व्हिडिओतल्या ओळीत जो लांबलचक यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळखक्रमांक, असणार तो त्या व्हिडिओवाल्याच्या डिस्कचा. तुमचा लॅपटॉप सुरू होताना त्या क्रमांकाची डिस्क शोधतो, ९० सेकंद थांबतो आणि सापडली नाही की पुढे जात नाही. तुम्ही ओळीचा फोटो टाकलेला नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. पण आदल्या दिवशीची ओळ आणि दीड मिनिटाची वाट, यातून मला तरी दुसरं काही दिसत नाही.

ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलंत त्याच्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. इन्स्टॉलच्या चिन्हाला हात लावू नका. ‘फाइल्स’ उघडा, डाव्या बाजूला तुमच्या डिस्कचं लिनक्सचं पार्टिशन उघडा. होम, ईटीसी, यूएसआर अशी फोल्डरं दिसली की तेच. त्यातल्या ईटीसीवर (सिस्टीमच्या सेटिंगचं फोल्डर) राइट क्लिक करून ‘ओपन ॲज रूट’ करा (रूट म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेलं खातं) आणि एफएसटॅब उघडा. इथे माणसं हमखास चुकतात: पेनड्राइव्हवरच्या मिंटलाही स्वतःचं ईटीसी असतं. ती भलतीच फाइल दुरुस्त करतात आणि काही फरक पडला नाही म्हणून डोकं धरून बसतात. तुम्ही चिकटवलेली ओळ जिथे दिसेल तीच तुमची फाइल. त्या ओळीच्या अगदी सुरुवातीला # टाका (म्हणजे मशीन ती ओळ सोडून देतं), सेव्ह करा, लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह काढा आणि पुन्हा सुरू करा. बाकीच्या ओळींना बोट लावू नका.

मी इंजिनिअर नाही. खानापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, बारा वर्षं लिनक्सवरच काम करतोय, एवढीच माझी पात्रता. डिस्क खटखट वाजत असेल किंवा पार्टिशन दिसतच नसेल तर वरचं लागू नाही. तेव्हा डिस्कवर काहीही न लिहिता थांबा.

आता मी हे इतकं पोटतिडकीनं का सांगतोय ते.

जुलै २०१८. दुकानात डेबियन ९ होतं, तेही लिनक्सच. बॅकअपची सवय नव्हती, ती लावून घ्यायची म्हणून नवी हार्ड डिस्क आणली आणि एका संध्याकाळी तिची ओळ एफएसटॅबमध्ये लिहिली. रात्री आपोआप कॉपी व्हायची सोय दुसऱ्या दिवशी बसवणार होतो. यूयूआयडी नाही, नुसतं ‘एसडीबी१’ हे मशीननं डिस्कला दिलेलं नाव लिहिलं, आणि ती ओळही कुठून तरी उचललेली. दुकान बंद करताना डिस्क काढून घरी नेली, घरचे फोटो भरायला. सकाळी मशीन चालू केलं तर तुमच्यासारखाच पडदा. खाली इंग्रजीत लिहिलेलं की रूटचं खातं कुलूपबंद आहे, कन्सोल उघडता येत नाही. डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड मी रिकामा सोडला होता. तसं केलं की रूट बंद राहतो आणि आपलं काम सुडोवर, म्हणजे आपल्याच पासवर्डनं तेवढ्यापुरता रूटचा अधिकार घेऊन, चालतं. रोजच्या वापराला ते चांगलंच. पण इमर्जन्सी मोडमध्ये मशीन रूटचाच पासवर्ड मागतं आणि तो तर अस्तित्वातच नसतो. म्हणजे दुरुस्तीची खोली आहे, पण तिची किल्ली कुणाकडेच नाही.

ताई, ती डिस्क घरी कपाटात होती. दुकानापासून दहा मिनिटांवर. ती आणून नुसती जोडली असती तर बहुतेक मशीन सुरू झालं असतं. हे मला पुढे दोन महिन्यांनी कळलं. त्या दिवशी कळलं असतं तर...

त्या दिवशी मी सीपीयू गोणपाटात गुंडाळला, त्यावर प्लास्टिक बांधलं आणि मुसळधार पावसात एसटीनं बेळगावला नेला. एका दुकानात दिला. नाव लिहिणार नाही. काउंटरवरच्या माणसानं पडदा बघितला, ‘विंडोज नाही?’ एवढंच विचारलं आणि पावतीवर ‘सिस्टीम लोडिंग’ लिहिलं. मी दोनदा सांगितलं, आतला डेटा पाहिजे. ‘बघतो’ म्हणाला. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात डेटाची जबाबदारी आमची नाही असं छापलेलं होतं. त्याखाली मी सही केली. तिसऱ्या दिवशी फोन आला, मशीन तयार आहे, ६०० रुपये. उघडलं तर विंडोज, सगळी डिस्क मिळून एकच सी ड्राइव्ह. माझं होम फोल्डर, म्हणजे माझ्या सगळ्या फायली, गेलेलं.

त्यात आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या लक्ष्मीयात्रेची स्मरणिका होती, निम्म्याहून जास्त जुळवलेली. लक्ष्मीयात्रा आपल्याकडे दरवर्षी भरत नाही हे तुम्हाला माहीत आहे. गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्या माणसांनी आधीच्या यात्रेच्या आठवणी सांगितल्या होत्या. मी त्या फोनवर रेकॉर्ड करून, मशीनवर उतरवून, फोनमधून पुसून टाकल्या होत्या. विंडोज बसल्यावर डेटा परत काढायचे प्रोग्रॅम चालवले. नाव नसलेले काही फोटो आणि अर्धवट उघडणाऱ्या फायली मिळाल्या. आवाज एकही नाही. मी पुन्हा घरोघर गेलो. माणसांनी पुन्हा सांगितलं, कुणी रागावलं नाही. पण दुसऱ्यांदा सांगताना आठवण आखडते. एक आजोबा तर दिवाळीआधीच गेले, आणि त्यांच्या पानावर मला माझ्या ध्यानात राहिलेल्या चार ओळी छापाव्या लागल्या.

त्या दुकानाला लिनक्स येत नव्हतं याचा मला राग नाही. येत नाही म्हणून सांगायचं होतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची आणि होम फोल्डर कॉपी करायचं, अर्ध्या तासाचं काम. मी तिप्पट पैसे दिले असते. तेव्हापासून कुठलंही मशीन दुरुस्तीला देताना पावतीवर माझ्या हातानं ‘डेटा पुसायचा नाही’ असं लिहितो आणि समोरच्याची सही घेतो. सही द्यायला जो कांकूं करतो त्याच्याकडून मशीन परत आणतो. तुम्हीही तेच करा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. लोक म्हणतात सेटिंग्जमध्ये आणखी बटणं द्या म्हणजे लिनक्स सोपं होईल. माझं मत वेगळं आहे. नवखा माणूस चुकणारच, बटणानंही चुकेल. सोपं म्हणजे चुकल्यावर त्याच जागी परत येता आलं पाहिजे. पडद्याचं रिझोल्यूशन बदललं की मशीन विचारतं ‘हे ठेवायचं का?’, आणि आपण काहीच दाबलं नाही तर थोड्या वेळानं आपोआप जुन्यावर येतं. पडदा पूर्ण काळा झाला तरी घाबरायचं कारण नाही. हे खरं सोपेपण. सुडोचे नियम बदलायला ‘व्हिसुडो’ आहे, तो चूक असलेली फाइल सांगून थांबवतो. उबुंटू (हेही लिनक्सच) सर्व्हरवर नेटवर्क बदलायला ‘नेटप्लॅन ट्राय’ आहे, १२० सेकंदांत तुम्ही होय म्हटलं नाही तर जुनं नेटवर्क परत. मग एफएसटॅबनंच काय पाप केलंय? त्यात काहीही लिहा, मुकाट सेव्ह होतं. चूक कळते ती पुढच्या वेळी मशीन सुरू करताना, म्हणजे नेमके आपले हात बांधलेले असताना. सिस्टमडी (मशीन सुरू करणारा आताचा प्रोग्रॅम) येण्याआधीच्या, २०१५ पूर्वीच्या उबुंटूत डिस्क सापडली नाही तर ‘एस दाबा, ही सोडून पुढे जातो’ असं पडद्यावर यायचं. ते गेलं. सर्व्हरवर डेटाची डिस्क नसताना मशीन तसंच पुढे गेलं तर माहिती भलत्या जागी लिहिली जाऊ शकते, म्हणून थांबणं बरोबर, हे मला मान्य आहे. पण शिक्षिकेच्या लॅपटॉपला तो न्याय लावू नये.

गंमत नाही, खरंच सांगतो: यावरचा उपाय तुमच्या मिंटमध्ये आधीपासून आहे. ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम उघडा, डी ड्राइव्हचं पार्टिशन निवडा, दातेरी चाकाच्या चिन्हात ‘एडिट माउंट ऑप्शन्स’, तिथलं ‘यूजर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा आणि ‘माउंट ॲट सिस्टीम स्टार्टअप’ चालू ठेवा. तोही एफएसटॅबमध्ये ओळच लिहितो, पण योग्य यूयूआयडीसकट, आणि स्वतःहून त्यात ‘नोफेल’ हा शब्द घालतो. नोफेल म्हणजे डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू करा. हा एक शब्द माझ्या ओळीत असता तर स्मरणिका वाचली असती. (मुळात ‘फाइल्स’मध्ये डी वर एक क्लिक केलं तरी तो उघडतो. रोज एक क्लिक चालणार असेल तर यातलं काहीच करू नका, असा माझा सल्ला.)

कधी हातानंच लिहायची वेळ आली तर आधी मूळ फाइलची कॉपी, ओळीत नोफेल, आणि रीस्टार्ट करायच्या आधी टर्मिनलमध्ये दोन कमांड: ‘सुडो फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय’ आणि ‘सुडो माउंट डॅश ए’. पहिली फाइलमधल्या चुका दाखवते, दुसरी डिस्क आत्ताच्या आत्ता जोडून बघते. कमांड मुद्दाम उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. जी ओळ वाचून, समजून, हातानं टाइप करता येत नाही ती चिकटवूही नये, या मतावर मी आता ठाम आहे. व्हिडिओंवर तारीख असते पण ते कुठल्या आवृत्तीसाठी आहेत हे कुणी सांगत नाही. आणि कुणी ईटीसीला ‘७७७’ परवानगी, म्हणजे कुणालाही काहीही बदलायची मुभा, द्या म्हणून सांगितलं तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. सुडोच्या नियमांची फाइल सगळ्यांना लिहिता येण्यासारखी झाली की सुडो काम करायलाच नकार देतो.

माझ्याकडे कुणी लॅपटॉप आणला तर मी मिंट टाकतो, टाइमशिफ्ट (सिस्टीमची जुनी प्रत जपणारा प्रोग्रॅम) चालू करतो आणि ज्या पेनड्राइव्हवरून टाकलं तो लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवून देतो. टाइमशिफ्टवर फार विसंबू नका. तो सिस्टीम मागे नेतो, पण होम फोल्डर आपण सांगितल्याशिवाय घेत नाही. प्रश्नपत्रिका वेगळ्याच ठेवाव्या लागतात. अपडेट करताना मध्येच ‘तुमची बदललेली फाइल ठेवू की नवी घेऊ’ असं विचारलं तर नुसतं एंटर दाबा, आपली राहते. आणि ईटीसीत जिथे नावाच्या शेवटी ‘डॉट डी’ असलेलं फोल्डर दिसेल तिथे बहुतेक वेळा मोठी फाइल न बदलता त्या फोल्डरात आपली छोटी फाइल ठेवायची. बिघडलं तर ती तेवढी पुसायची, मूळ फाइल शाबूत.

विषय थोडा वेगळा, पण तुम्ही शाळेत आहात म्हणून. मराठी प्रश्नपत्रिका आणि कानडी परिपत्रकं, दोन्ही टाइप करावी लागत असतील. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट घालताना ‘इंडियन’मध्ये ‘मराठी कगप’ आणि ‘कन्नड कगप’ असे दोन्ही मिळतात. कगप म्हणजे कन्नड गणक परिषत्, ‘नुडी’ हे कानडी टायपिंगचं सॉफ्टवेअर ज्यांनी केलं ते. त्यांची कीबोर्डची मांडणी लिनक्समध्ये मराठीलाही बसवलेली आहे. के दाबलं की इकडे क, तिकडे त्याच आवाजाचं कानडी अक्षर ಕ. बोटांना दोनदा शिकावं लागत नाही. आमच्या दुकानात दोन्ही भाषांचे अर्ज येतात, मला याचा फार उपयोग झाला. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टातल्या प्रश्नपत्रिका मात्र आधी बदलून घ्याव्या लागतील. त्याबद्दल वेगळं विचारा.

आधी ओळीपुढे # टाका. लॅपटॉप सुरू झाला की दुसरं काहीही करायच्या आधी प्रश्नपत्रिका एका पेनड्राइव्हवर आणि एका ईमेलवर काढा. नाही झाला, तर एफएसटॅबचा फोटो इथे टाका. दुकान साडेआठला बंद करतो, त्यानंतर मी बघतो. तोवर त्या दुकानदाराकडे लॅपटॉप ठेवला असेल तर आजच परत आणा.