ओव्हरक्लॉकिंगसाठी जुना एसएमपीएस चालेल का?

प्रश्न : मी नवीन मशीन जुळवतोय. इंटेल आय-५ १२६००के प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड घेतलं, पैसे तिथंच संपले. वडिलांच्या २०१३ च्या मशीनमधला ६०० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) अजून चालू आहे. तो लावून प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवला, तर चालेल का? लेबलवर +१२ व्होल्टसमोर दोनदा १८ अँपिअर आणि खाली एकत्रित ३८४ वॉट असं लिहिलंय. घर उद्यमनगरला लागून आहे, दिवसा दिवे मिणमिणतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लेबल वाचून कळवलंत हे फार चांगलं केलंत. नाहीतर लोक नुसतं '६०० वॉट' सांगतात आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. तुमच्या मशीनसाठी खरा आकडा ३८४ आहे. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टचे, ते इथं कामाला येत नाहीत. आणि १८ अधिक १८ म्हणजे ३६ अँपिअर, असंही धरू नका. ३८४ वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ३२च.

आता खर्च बघा. ओव्हरक्लॉक न करताच प्रोसेसर १५० वॉटपर्यंत जातो, कार्ड २२०. झाले ३७०. पंखे अजून धरलेच नाहीत. व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं, तर नुसत्या तेवढ्यानं प्रोसेसरची वीज सव्वापटीवर जाते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. वेग वाढवल्याची भर वेगळी. गेममध्ये दोघं एकदम पूर्ण भारावर क्वचितच जातात, हे खरं. पण या पिढीची कार्डं क्षणभर आपल्या आकड्याच्या बरीच वर उसळी घेतात आणि तेवढ्यात जुना एसएमपीएस मशीन बंद पाडतो.

एसएमपीएसच्या वयाची तर मला जास्त काळजी वाटते. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) उष्णतेनं हळूहळू सुकतात. धडधाकट एसएमपीएस वीज गेल्यावरही साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. कपॅसिटर उतरले की तो वेळ घटतो. शेजारच्या कारखान्यात मोठी मोटार सुरू होऊन दिवा मिणमिणला की तुमचं मशीन रीस्टार्ट होईल आणि तुम्ही दोष ओव्हरक्लॉकला देत बसाल. मल्टिमीटरवर १२.१ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, १२ व्होल्टवरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजची वेगवान थरथर, त्यात दिसत नाही. कपॅसिटर फुगलेत का बघायला डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात.

तेव्हा या एसएमपीएसवर ओव्हरक्लॉक नको, कार्डही नको. मोलेक्सचे (जुन्या चार पिनांच्या प्लगचे) जोड लावून कार्डाला वीज देण्याचा विचार तर मनातही आणू नका, ते जोड वितळलेले मी पाहिलेत. कार्ड खोक्यातच राहू दे. १२६००के मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, तेव्हा मॉनिटर मदरबोर्डला जोडा, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची मर्यादा १२५ वॉटवर बांधा आणि चार पैसे जमेपर्यंत अभ्यासाचं काम चालवा.

घ्याल तेव्हा ७५० वॉटचा घ्या. कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया ३०७० साठी ६५० सांगते, वरचे शंभर तुमच्या ओव्हरक्लॉकसाठी. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) घेतलात तर फक्त त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. दुसरी केबल बसते व्यवस्थित, पण १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर गेले तर हार्ड डिस्क जळते.