सहाशे मिमीची लेन्स हप्त्यावर घ्यावी की रिमोटवर भागवावं?

प्रश्न : तीन वर्षांपासून पक्ष्यांचे फोटो काढतो. ७०-३०० मिमीची लेन्स आहे, पण पक्षी फ्रेममध्ये नखाएवढा येतो. ६०० मिमीची लेन्स २४ हप्त्यांवर, वर्षाला १४ टक्के व्याजानं घ्यायचा विचार आहे. किंमत माझ्या हातात येणाऱ्या चार पगारांएवढी. महिन्याला पगाराचा पाचवा हिस्सा शिल्लक राहतो आणि पाच महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला आहे. मित्र म्हणतो, लेन्स राहू दे, रिमोट घे आणि कॅमेराच पक्ष्याजवळ ठेव. खरंच भागेल का?

उत्तर : तुमच्या मित्राचं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते बघूच, पण आधी हप्ता.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हप्ता पगाराच्या १९ टक्क्यांच्या आसपास जातो. शिल्लक राहते २० टक्के. म्हणजे दोन वर्षं तुमच्या हातात महिन्याला एक टक्का. दाढ दुखली किंवा फ्रिज बंद पडला, की पहिला हात त्या बाजूच्या पैशालाच लागणार. वर नुसत्या व्याजापोटी सुमारे १८ दिवसांचा पगार जाईल. छंदासाठी कर्ज काढूच नये असा माझा हट्ट नाही, पण इतकं ताणून नको.

आता रिमोट. फोटोत पक्षी किती मोठा दिसेल हे फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) आणि अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. १२ मीटरवरून ६०० मिमीनं पक्षी जेवढा दिसेल, तेवढाच २ मीटरवरून १०० मिमीनं दिसतो. १०० मिमी तुमच्या लेन्समध्ये आहेच. कमी आहे ते २ मीटरवर बसू देणारा पक्षी, आणि तो माणसाला बसू देत नसला तरी न हलणाऱ्या खोक्याला बऱ्याचदा बसू देतो. शिवाय पक्ष्यामागचं पाणी, झाडी, आभाळ बरंच जास्त फ्रेममध्ये येतं. मला तर असे फोटो नुसत्या धूसर पार्श्वभूमीपेक्षा जास्त आवडतात.

पण हे जमतं कुठे? खंड्या रोज त्याच फांदीवर येऊन बसतो तिथे. पाणवठ्यावर. घिरट्या घालणाऱ्या घारीसाठी किंवा शेंड्यावरच्या वटवट्यासाठी रिमोटचा काडीचा उपयोग नाही, तिथे लांब लेन्सच लागते. म्हणून एक काम करा. तुम्ही काढलेल्यांतले आवडते शंभर फोटो निवडा आणि त्यातले किती पक्षी ठरलेल्या जागी परत येणारे होते ते मोजा. तिसऱ्या हिश्श्याहून कमी भरले, तर मित्राचा सल्ला तुमच्यासाठी नाही.

जास्त भरले, तरी लगेच दुकान गाठू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांना कंपनीचं मोबाइल ॲप फुकट जोडता येतं. फोनवर चित्र दिसतं, फोकसही करता येतो. बॅटरी भराभर उतरते आणि जोडणी मध्येच तुटते, पण हा खेळ आपल्याला झेपतो का हे कळायला पुरेसं आहे.

झेपला, तर वायरचा रिमोट सर्वांत स्वस्त. आत दोनच संपर्क असतात, अर्ध्या दाबाला फोकस आणि पूर्ण दाबाला शटर. इतक्या साध्या वस्तूला कंपनीच्या नावाचे जादा पैसे मोजायची गरज नाही, फक्त पिन आपल्या कॅमेऱ्याचीच आहे ना ते बघा. इन्फ्रारेडचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखा न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा, टाळा. मी तो घेतला होता. कॅमेरा ठेवला, मागे झुडपात जाऊन बसलो, पक्षी आला, बटण दाबत राहिलो आणि काहीच झालं नाही. रिमोटचा इशारा पकडणारा सेन्सर माझ्या कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला होता! सकाळ फुकट, रिमोट ड्रॉवरमध्ये. तसाही तो थोड्याच मीटरपर्यंत चालतो आणि कडक उन्हात दगा देतो. तुम्हाला दूर बसायचं असेल तर रेडिओवर चालणारा घ्या. मध्ये पानं आली तरी त्याचं सहसा अडत नाही.

तुमच्या लेन्सच्या किमतीपुढे रिमोट पासंगालाही पुरणार नाही. खर्च त्याच्या मागून येतो : जमिनीलगत बसणारा भक्कम ट्रायपॉड किंवा क्लॅम्प, पावसाचं आवरण, जादा बॅटरी. आणि जोखीम. तुम्ही दूर बसणार म्हणजे कॅमेरा उघड्यावर एकटा. विमा असेल तर ‘मालक जवळ नसताना चोरी झाली तर भरपाई मिळते का’ हे कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो’ला अर्थ नाही.

घरट्यापाशी मात्र रिमोटही नको. एरिक हॉस्किंग या ब्रिटिश छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ मध्ये घुबडाच्या हल्ल्यात गेला. रिमोटनं तुमचा डोळा वाचेल, पण खोक्याला बिचकून पक्षी उठून गेला तर पिल्लांचं काय?

आता लेन्सचं. तिचं स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही. हप्त्याइतकेच पैसे स्वतःच्या वेगळ्या खात्यात टाकलेत तर साधारण २१ महिन्यांत ती रोखीनं येते, म्हणजे कर्ज फिटायच्या तीन महिने आधी. मी मात्र १५ टक्केच टाकायला सांगेन. वेळ २७ महिन्यांवर जाईल, पण अडीअडचणीला पाच टक्के मोकळे राहतील. मधल्या काळात एखादा शनिवार-रविवार तीच लेन्स भाड्यानं आणून खांद्यावर वागवून बघा. वजनानं तोंडचं पाणी पळालेले बरेच पाहिलेत मी. जुनी, नीट सांभाळलेली मिळाली तर मुदत आणखी खाली येईल.

ॲपची सुरुवात याच आठवड्यात करा. आधी तीन-चार दिवस कॅमेऱ्याच्या जागी नुसता रिकामा खोका ठेवा, पक्ष्याला सवय होऊ दे. मग फांदीवर आधीच हातानं फोकस लावून ठेवा, आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते निवडा, आणि कॅमेरा आपोआप बंद होण्याची सेटिंग काढायला विसरू नका.