पाण्याचं नको, लघवीचं सांग

पोरी,

काल फोनवर म्हणालीस, "बाई, दूध सोडलं, टोमॅटो, वांगी सोडली, आता आणखी काय सोडू?" चार मिलिमीटरचा मुतखडा आपोआप पडला हे नशीबच. पण 'काय सोडू' हा प्रश्नच चुकीचा आहे. मीही चौदा वर्षं तोच विचारत बसले.

लघवी किती होते ते सांग. तीन बाटल्या पाणी पितेस म्हणालीस. मला पाण्याचं कौतुक नको. जळगावच्या उन्हात, पत्र्याच्या वर्गात त्यातलं किती घामात जातं, तुला तरी माहीत आहे का? पाक आटला की कडेला साखर धरते, तसं दाटलेल्या लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट (काही भाज्यांत असतं ते द्रव्य) एकत्र येऊन खडा धरतो. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. रविवारी एक जुनं मापाचं भांडं घे आणि चोवीस तास मोज. किळस येते? कळ उठली तेव्हा ओकत बसली होतीस, ते आठव.

शाळेत तू पाणी का पीत नाहीस हेही मला ठाऊक आहे. शाळेतल्या संडासाची किल्ली साहेबांच्या खणात असते, आणि मागायची लाज वाटते. मलाही वाटायची. साडेदहाला घोटभर पाणी पिऊन निघायचे ते पाचपर्यंत कोरडीच. दुसऱ्या ऑपरेशननंतर खणातली किल्ली उचलली आणि पदराला बांधली, ती निवृत्त होईपर्यंत. तासाच्या मध्येच वर्ग मॉनिटरवर सोपवून जायचे. एका पालकानं तक्रार केली, 'भांडखोर बाई' हे नाव पडलं. पडू दे. मग काय करायला हवं होतं? आजही तसंच करीन.

दूध-ताक आजच सुरू कर. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, लघवीपर्यंत पोचू देत नाही. मी कुणाचं तरी ऐकून दूध तोडलं. खडा पुन्हा आलाच, वर हाडं पोकळ झाली. बियांचा खडा होत नाही, तेव्हा वांग्याचं भरीत खुशाल खा. टोमॅटोत ऑक्झलेट थोडंच असतं, खरं भरलेलं असतं ते पालकात. खायचाच तर दह्याबरोबर, तोही कधीतरी.

मीठ मात्र आवर. मीठ वाढलं की लघवीत कॅल्शियम वाढतं. दिवसभराचं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. त्यात तुझी शेवभाजी, पापड, लोणचं सगळं आलं. (शेवभाजी सोड म्हणत नाही, मी खानदेशातलीच आहे.) लिंबूपाणी घे, पण मीठ-साखर न घालता, लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या मनानं घेऊ नकोस, जादा झालं की त्याचंच ऑक्झलेट होतं.

पडलेला खडा ठेवलास ना? तपासून घे. युरिक ॲसिडचा निघाला तर पथ्य वेगळं. आणि कळीबरोबर थंडी-ताप आला तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस, थेट दवाखाना गाठ.

झोपताना एक पेला पाणी. रात्री उठावं लागेल, लागू दे.

सोमवारी किल्ली मागितलीस का, ते कळव. पण त्याआधी रविवारचा आकडा.

तुझी,
बाई